'द फोर्स अवेकन्स' हात राखून खेळला का? भांडण नेमकं कशावरून आहे

स्टार वॉर्सच्या चाहत्यांमध्ये एक वाद २०१५पासून चालू आहे आणि तो मिटण्याची चिन्हं नाहीत. 'द फोर्स अवेकन्स', म्हणजे मालिकेचा सातवा भाग, हा १९७७चाच पिक्चर नवी नावं लावून पुन्हा काढलाय, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट म्हणतो की तेव्हा तेच करणं गरजेचं होतं. दोन्हीकडचे लोक 'सेफ' हा एकच शब्द वापरतात, पण तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. पिक्चर दिसतो कसा, त्यात घडतं काय, आणि जुन्या गोष्टीचा शेवट जिथे झाला होता तिथून जग पुढे सरकलंय का. या तीन गोष्टी सुट्या केल्या की वाद बराच सोपा होतो. पहिल्या बाबतीत सावधपणा योग्यच होता, दुसऱ्या बाबतीत तो अर्धाच साधला, आणि खरी चूक तिसऱ्या बाबतीत झाली. गंमत म्हणजे भांडताना तिसरीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९७७, १९८० आणि १९८३ या वर्षी मूळ तीन भाग आले. मग १९९९, २००२ आणि २००५ मध्ये जॉर्ज लुकास यांनी त्याआधीची कथा सांगणारे तीन भाग काढले. त्यांच्यावर झालेली टीका अजून लोकांच्या लक्षात आहे: व्यापारी कराच्या भांडणाने सुरू होणारी गोष्ट, जार जार बिंक्स हे विनोदी पात्र, हिरव्या-निळ्या पडद्यासमोर एकटे उभे राहून अवघडलेले नट. ३० ऑक्टोबर २०१२ला डिस्नीने लुकासफिल्म ४०५ कोटी डॉलरला विकत घेत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या भागांसाठी लुकास यांनी स्वतः कथेचे आराखडे लिहून दिले होते. ते बाजूला ठेवले गेले. जानेवारी २०१३ मध्ये दिग्दर्शक म्हणून जे. जे. एब्रम्स यांचं नाव ठरलं. पटकथा सुरुवातीला मायकल आर्न्ट लिहीत होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये ते बाहेर पडले आणि एब्रम्स व लॉरेन्स कॅस्डन यांनी काम हाती घेतलं. कॅस्डन म्हणजे १९८० आणि १९८३च्या भागांचे सहलेखक. चित्रीकरण मे २०१४ मध्ये सुरू झालं. म्हणजे नव्या लेखकांच्या हातात पटकथेसाठी सहा-सात महिनेच होते. 'सेफ' खेळण्यामागे धोरण होतं तसं हे कॅलेंडरही होतं.

आता पहिली गोष्ट, दिसण्याची. अबू धाबीचं खरं वाळवंट, आयर्लंडमधलं स्केलिग मायकल हे खरं बेट, ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रीकरण, सेटवर प्रत्यक्ष हलणारा बीबी-एट हा यंत्रमानव, आणि संगीत पुन्हा जॉन विल्यम्स यांचं. यातलं काहीच नवं नाही, पण १९९९नंतर चाहत्यांनी मागितलं होतं ते नेमकं हेच. इथे सावधपणाला नावं ठेवणं म्हणजे स्वतःचीच मागणी विसरणं. फक्त लुकास यांना ते पटलं नाही. आपण प्रत्येक भागात नवे ग्रह, नवी जहाजं दाखवायला धडपडलो आणि यांना जुन्या धाटणीचा पिक्चर हवा होता, असं ते २०१५च्या डिसेंबरमध्ये एका मुलाखतीत म्हणाले. डिस्नीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी पुढे २०१९च्या आत्मचरित्रात मान्य केलं की लुकास यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण कट्टर चाहत्यांना अस्सल स्टार वॉर्स वाटेल असं काही देण्याचा दबाव मोठा होता, असंही लिहिलं.

दुसरी गोष्ट म्हणजे घटनाक्रम, आणि पुरावे इथेच ढीगभर सापडतात. १९७७ मध्ये गुप्त नकाशे एका छोट्या यंत्रमानवाच्या पोटात लपवले जातात, तो वाळवंटी ग्रहावर पोचतो, आईवडिलांविना वाढलेल्या तरुणाच्या हाती लागतो. २०१५ मध्येही तसंच, फक्त ल्यूकच्या जागी रे नावाची तरुणी, टॅटूईनच्या जागी जाकू. चित्रविचित्र प्राण्यांनी भरलेला गुत्ता तिथे, माझ कनाटाचा वाडा इथे. काळा मुखवटा, त्याच्यामागे अंधारात बसलेला मोठा मालक. वडीलधारा माणूस नायकाच्या डोळ्यांदेखत मारला जातो. ग्रह उडवणारं महाअस्त्र, आणि त्याच्यातलं एक नाजूक ठिकाण शोधून लढाऊ विमानांचा हल्ला. शेवटच्या लढाईत १९८३चाही वाटा आहे: आधी कुणीतरी खाली उतरून संरक्षक कवच बंद करायचं, मगच विमानं आत. एब्रम्स यांनीही हे नाकारलेलं नाही. लोकांना हे स्टार वॉर्सच आहे असं वाटावं म्हणून ओळखीचे टप्पे मुद्दाम घेतले, असं त्यांनी उघडपणे सांगितलंय.

पण साम्यांची यादी करून फारसं काही सिद्ध होत नाही. १९७७चा पिक्चर तरी कुठे आभाळातून पडला होता? अकिरा कुरोसावा यांचा १९५८चा 'द हिडन फोर्ट्रेस', 'फ्लॅश गॉर्डन'च्या जुन्या मालिका, दुसऱ्या महायुद्धावरच्या चित्रपटांतली विमानांची झुंज, असं बरंच त्यात मिसळलेलं होतं. फरक एवढाच की तेव्हा उचल बाहेरून होती आणि २०१५ मध्ये ती स्वतःच्याच घरातून झाली. बाहेरून आणलेली गोष्ट नव्या जागी बसवताना तिला कापावं-जोडावं लागतं. घरातली जशीच्या तशी बसते, म्हणून ती तपासली जात नाही.

म्हणूनच नक्कल जास्त झाली यापेक्षा ती नीट झाली नाही ही तक्रार जास्त वजनदार आहे. १९७७च्या कथेची जोडणी बघा. आर-टू डी-टू या यंत्रमानवाकडे असतात ते डेथ स्टारचे, म्हणजे ग्रह उडवणाऱ्या त्या महाअस्त्राचे, नकाशे. बंडखोरांची राजकुमारी लेया पकडली जाते ती त्या नकाशांपायी. ल्यूकचं घर जळतं ते त्या नकाशांपायी. आणि शेवटी डेथ स्टार उडतो तोही त्याच नकाशांमुळे, कारण दोन मीटर रुंदीचं ते छिद्र त्यांच्यातच दिसतं. पहिल्या मिनिटाला हातात आलेली वस्तू शेवटच्या मिनिटाला कामी येते. २०१५ मध्ये बीबी-एटकडे असतो तो ल्यूक कुठे लपलाय हे सांगणारा नकाशाचा तुकडा. पिक्चरचा निम्म्याहून जास्त भाग सगळे त्याच्यामागे धावतात. मग स्टारकिलर बेस नावाचं महाअस्त्र येतं आणि नकाशा बाजूला पडतो. ते अस्त्र नष्ट करायला ल्यूक लागत नाही, नकाशाही लागत नाही. शत्रूच्या फौजेतून पळालेला सैनिक फिन तिथे सफाई विभागात होता म्हणून त्याला आतली माहिती असते. हल्ला यशस्वी होतो, आणि इतका वेळ निपचित पडलेला आर-टू डी-टू अचानक जागा होऊन नकाशाचा उरलेला भाग देऊन टाकतो. का जागा झाला? सोय म्हणून. दोन गोष्टी शेजारी ठेवल्यात, एकमेकींत गुंफलेल्या नाहीत. स्टारकिलर बेस अख्खा काढून टाका, तरी रे, खलनायक कायलो रेन, त्याचा बाप हान सोलो आणि ल्यूकचा शोध यांना धक्काही लागत नाही. हे करून बघण्यासारखं आहे.

याच प्रकारातलं आणखी एक उदाहरण जवळून बघू. १९७७ मध्ये आल्डरान ग्रह उडतो तेव्हा लेया हुकूम सुटतो त्याच खोलीत असते. तिला सांगितलं जातं की बंडखोरांचा तळ कुठे आहे ते सांग, नाहीतर तुझा ग्रह जाईल. ती खोटं नाव सांगते. तरीही साम्राज्याचा अधिकारी टार्किन ग्रह उडवतो. अडीच-तीन मिनिटांच्या या प्रसंगात तिची चलाखी, त्याचा क्रूरपणा, अस्त्राची ताकद आणि बंडखोरांच्या तळाला असलेला धोका, सगळं एकदम येतं. २०१५ मध्ये एकाऐवजी पाच ग्रह उडतात, होस्नियन मंडळातले. शत्रूचा सेनापती जनरल हक्स मैदानावर भाषण ठोकतो, लाल झोत निघतात, सज्जावर उभे असलेले अनोळखी चेहरे दिसतात आणि संपतं. तिथे आपल्या ओळखीचं कुणी नाही, कुणापुढे पेच नाही. त्या सज्जावर लेयाची दूत उभी असते, पण लेया तिला तिकडे पाठवते तो प्रसंग संकलनात उडाला. बंडखोर जिंकल्यावर आलेल्या नव्या प्रजासत्ताकाचं राजकारणही त्याबरोबर गेलं. त्यामुळे उडाला तो ग्रह कुठला, हेच थिएटरात अनेकांना कळलं नाही. कित्येक जण जुन्या भागांतली राजधानी कोरुस्कांट गेली असं समजून बाहेर पडले. पाच पट मोठा स्फोट आणि परिणाम पाव हिश्श्याचा.

म्हणून सगळंच फसलं असंही नाही. हान आणि कायलोचा पुलावरचा प्रसंग बघा. वडीलधारा माणूस मरतो हा टप्पा जुनाच, पुलावर समोरासमोर उभे राहिलेले बाप-लेक हेही १९८०ची आठवण करून देणारं. पण त्यातला प्रश्न उलटवलाय. १९८० मध्ये बाप मुलाला आपल्या बाजूला ओढत होता, १९८३ मध्ये मुलाने बापाला अंधारातून परत आणलं. इथे बाप मुलाला परत न्यायला आलाय, मुलगा डगमगलाय, आणि मदत मागतो तो बापाला मारण्यासाठी लागणारं बळ यावं म्हणून. जुन्या भागांनी शिकवलेली आशा मनात धरूनच प्रेक्षक तो प्रसंग बघतो आणि तिथेच मार खातो. कायलो रेन हे पात्रच त्या अर्थाने धाडसी आहे: जुन्या भागांतल्या डार्थ व्हेडर या खलनायकाइतके आपण मोठे होणार नाही या भीतीने पछाडलेला खलनायक. बंड करून पळालेला सैनिक फिन हीसुद्धा मोठ्या पडद्यावर नवी गोष्ट होती, जरी पुढे तिचं सोनं झालं नाही.

एकाच पिक्चरमध्ये दोन्ही प्रकार आहेत. जुना टप्पा घेतला तर त्यात विचारलेला प्रश्न बदलला का, एवढंच तपासायचं. बदलला असेल तर तो प्रतिध्वनी, नसेल तर ती नुसती उजळणी.

आता तिसरी गोष्ट. १९८३च्या शेवटी सम्राट पॅल्पटिन मेला, साम्राज्य कोसळलं, ल्यूक जेडाय, म्हणजे गूढ शक्ती वापरणारा योद्धा, झाला, हान आणि लेया एकत्र आले. तीस वर्षांनी पडदा उघडतो तेव्हा काय दिसतं? साम्राज्याच्या जागी फर्स्ट ऑर्डर, तेच पांढरे चिलखती सैनिक, तशीच जहाजं. जिंकलेलं प्रजासत्ताक कुठेतरी दूर, आणि लेया पुन्हा एका छोट्या बंडखोर गटाची सेनापती. हान पुन्हा कर्ज बुडवणारा तस्कर, लेयापासून वेगळा. ल्यूक नवे जेडाय घडवायला निघाला होता, भाच्याने शाळा उद्ध्वस्त केली आणि तो गायब झाला. म्हणजे मूळ तीन भागांत जे जे कमावलं ते सगळं पडद्याआड गमावून पाटी पुन्हा कोरी केली. ते कसं गमावलं हे दाखवलं असतं तर ती एक भयंकर आणि नवी गोष्ट झाली असती. पण ते वगळलं, कारण हेतू गोष्ट सांगण्याचा नव्हता, १९७७ची मांडणी परत मिळवण्याचा होता.

हे टाळता आलं असतं का? त्याच वर्षी आलेला 'क्रीड' घ्या. १९७६च्या 'रॉकी'चा सांगाडा रायन कूगलर यांनी जवळजवळ तसाच ठेवला: अनोळखी मुष्टियोद्ध्याला विजेत्याशी लढायची संधी, फिलाडेल्फियातला सराव, आणि शेवटी पंचांच्या विभागलेल्या निकालाने हार, पण मान मिळवून. 'द फोर्स अवेकन्स'इतकीच, कदाचित जास्तच, साम्यं. तरी त्याच्यावर 'तोच पिक्चर' हा आरोप तितक्या जोरात झाला नाही. कारण रॉकी पुन्हा रिंगणात उतरत नाही. तो म्हातारा झालाय, एकटा आहे, आजारी आहे, आणि आता तो कोपऱ्यात उभा राहून दुसऱ्याला लढवतो. सांगाडा तोच ठेवून माणसाची जागा बदलली. उलट, त्याच वर्षीच्या 'टर्मिनेटर जेनिसिस'ने १९८४चे प्रसंग नव्याने चित्रित केले, काळरेषा पुसून टाकली, आणि पुढचे ठरलेले भाग रद्द झाले.

पाटी कोरी करण्याची किंमत त्या पिक्चरला मोजावी लागत नाही, हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं. जोखीम टाळली म्हणजे ती संपली असं होत नाही. हातउसने घेतलेल्या पैशासारखी ती पुढच्या माणसाच्या नावावर चढते. २०१५च्या शेवटच्या दृश्यात रे ल्यूकसमोर त्याची जुनी तलवार धरते आणि पडदा पडतो. ल्यूक एक शब्दही बोलत नाही. तो का पळाला, रेचे आईवडील कोण, कायलोचा मालक स्नोक कोण, हे सगळं पुढच्यांवर सोपवलं. तीन भागांसाठी तीन वेगळे दिग्दर्शक नेमले होते, हे इथे लक्षात घ्या. २०१७च्या आठव्या भागात रायन जॉन्सन यांना उत्तर द्यावं लागलं. जगात आग लागलेली असताना एकांतात बसलेल्या माणसाचं एकच पटणारं उत्तर होतं: तो हरलाय, खचलाय. ल्यूकने तलवार खांद्यावरून मागे फेकली आणि अर्धं चाहतावर्ग पेटलं. राग जॉन्सन यांच्यावर निघाला. पण ल्यूकला त्या बेटावर नेऊन बसवलं होतं ते आधीच्याच 'सेफ' पिक्चरने. (त्या रागाचा एक भाग टीकेची हद्द ओलांडून गेला. आठव्या भागात काम केलेल्या केली मेरी ट्रॅन या अभिनेत्रीला इतका छळ सोसावा लागला की २०१८ मध्ये तिने आपल्या इन्स्टाग्रामवरचं सगळं काढून टाकलं. त्याला वाद म्हणत नाहीत.)

सप्टेंबर २०१७ मध्ये नवव्या भागाचे दिग्दर्शक कॉलिन ट्रेवॉरो बाजूला झाले आणि एब्रम्स परत आले. २०१९चा 'द राइज ऑफ स्कायवॉकर' माघार घेत सुटतो. रे सामान्य घरातली असल्याचं आठव्या भागात सांगितलं होतं. आता ती पॅल्पटिनची नात निघाली. ट्रॅनची भूमिका काही दृश्यांपुरती उरली. एका महाअस्त्राऐवजी ग्रह उडवणाऱ्या तोफा लावलेल्या जहाजांचा ताफाच आला.

"पण पैसे तर केले ना?" हा मुद्दा हमखास येतो. केलेच. 'द फोर्स अवेकन्स'ने जगभरात सुमारे २०७ कोटी डॉलर जमवले, त्यातले ९३ कोटींहून जास्त एकट्या उत्तर अमेरिकेत. (भारतात तो आठवडाभर उशिरा, २५ डिसेंबरला लागला. १८ तारखेला इथे 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले' एकमेकांसमोर होते. तो आठवडा हानचं काय होतं हे कानावर न येऊ देण्यात गेला.) पण पहिल्या भागाचा गल्ला सांगतो तो लोकांच्या उत्सुकतेबद्दल. पिक्चरच्या कसाबद्दल बोलायचं तर पुढचे आकडे सोबत ठेवावेत: आठवा भाग सुमारे १३३ कोटी, नववा सुमारे १०७ कोटी. अमेरिकेत पहिल्याच दिवशी थिएटरबाहेर प्रेक्षकांकडून घेतल्या जाणाऱ्या सिनेमास्कोर श्रेणीत सातव्या आणि आठव्या भागाला ए मिळाली होती, नवव्याला बी प्लस. म्हणजे ज्या आठव्या भागावर गदारोळ झाला त्याच्यापेक्षा, सगळ्यांना खूश करायला निघालेला नववा भाग तिकीट काढून आलेल्यांना कमी आवडला. धाडस केलं म्हणजे गल्ला भरतोच असंही नाही म्हणा. त्याच २०१५ मध्ये 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'ला सहा ऑस्कर मिळाली आणि कमाई ३८ कोटींच्या आसपास थांबली, तर 'जुरासिक वर्ल्ड' १६० कोटींच्या पुढे गेला. स्टुडिओचे हिशोबनीस कुठल्या आकड्याकडे बघत असतील ते उघड आहे.

दुसऱ्या एखाद्या पुनरागमनाबद्दल असाच वाद घालायचा झाला तर कागदावर दोन रकाने आखा. एकात जुन्या भागाचे मुख्य टप्पे लिहा, दहा-बाराच पुरे, आणि समोर नव्याचे. जुळणाऱ्या प्रत्येक टप्प्यापुढे एक गोष्ट नोंदवा: इथे निर्णय कोण घेतंय आणि त्याची किंमत कोण मोजतंय? आल्डरानच्या ओळीत लेया येईल, होस्नियनच्या ओळीत जागा रिकामी राहील. मग पूर्ण टप्पा खोडून बघा, बाकीची गोष्ट कोसळते का. शेवटी जुन्या भागाच्या अखेरच्या पाच मिनिटांतली परिस्थिती आणि नव्याच्या पहिल्या पाच मिनिटांतली परिस्थिती शेजारी लिहा. मध्ये जे बदललं त्यातलं किती पडद्यावर दिसतं आणि किती नुसतं सांगितलं जातं, ते मोजा. २०१९च्या भागाला हे लावलं तर काम लवकर आटोपतं. ज्याच्या मरणावर १९८३ची अख्खी गोष्ट संपली तो पॅल्पटिन परत आलाय, ही बातमी सुरुवातीच्या सरकत्या पिवळ्या अक्षरांत उरकलेली आहे.